‘मी असं काय केलं होतं?’ असे विचारणाऱ्या मैत्रिणीपाशी जाताना

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची हकीगत आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या मंडळीतल्या जिवलग मैत्रिणीचा नऊ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. तिने वर्षानुवर्षे शब्बाथ शाळेत मुलांना शिकवले, आजाऱ्यांची सेवा केली आणि कुणाचे कधी वाईट चिंतले नाही. मंडळीने उपवास केले, रात्र रात्र प्रार्थना केल्या, तरी मूल वाचले नाही. आता तिच्याकडे येणारे कुणी ‘देवाची इच्छा’ म्हणते, तर कुणी आडून सुचवते की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. ती तुम्हाला विचारते, ‘मी असं काय केलं होतं?’ तुमच्यापाशी उत्तर नाही, म्हणून तुम्ही तिच्याकडे जाणेच टाळू लागला आहात आणि त्याची टोचणी तुम्हाला लागली आहे. चांगल्या माणसांच्या वाट्याला देव दुःख का येऊ देतो आणि तिला काय सांगावे, हे तुम्ही विचारले आहे. तिचे उपासनेला येणे बंद झाले आहे, तर तिला समजावून आणावे का, असेही शेवटी विचारले आहे.

मी पाळक आहे, आणि माझ्या सेवेचा मोठा भाग रुग्णालयातल्या खाटांपाशी गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘दुःख का’ आणि ‘तिला काय सांगावे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, असे आपण मनाशी धरून चालतो, आणि तिथेच अडचण सुरू होते. मग काही जण घाईने उत्तर तयार करून तिच्या दारी जातात, तर तुमच्यासारखी प्रामाणिक माणसे उत्तर नाही म्हणून जातच नाहीत. दोन्हींत ती एकटीच पडते. पवित्र शास्त्र मी जितके वाचत गेलो तितके मला स्पष्ट होत गेले की ते दुःखी माणसाला देवाविरुद्ध बोलण्याची मोकळीक देते, पण सांत्वनाला आलेल्या माणसाला देवाची वकिली करण्याची मोकळीक देत नाही.

बायबलमधल्या ईयोबाचेच पाहा. एका दिवसात त्याची सगळी संपत्ती आणि मुले गेली. आपण त्याचे पुस्तक ‘ईयोबाची सहनशीलता’ एवढ्यात आटोपतो. प्रत्यक्षात ४२ अध्यायांच्या त्या ग्रंथातला सहनशील ईयोब पहिल्या दोन अध्यायांपुरता आहे. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि तिथून पुढे देवालाच जाब विचारत राहतो. ‘मुळात चांगला कोण आहे, सगळेच पापी’ असे म्हणून प्रश्न निकालात काढणाऱ्यांची वाटही ग्रंथ आरंभीच बंद करतो, कारण ईयोब सात्त्विक आणि सरळ आहे अशी साक्ष पहिल्याच अध्यायात खुद्द देव देतो.

त्याचे तीन मित्र एलीफज, बिल्दद आणि सोफर बातमी ऐकून आपापल्या गावांहून आले. त्यांनी हंबरडा फोडला, वस्त्रे फाडली आणि सात दिवस, सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कुणी एक शब्द बोलले नाही. इथपर्यंत त्यांच्या सांत्वनात काही खोट काढता येत नाही. पुढे ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. एलीफज विचारतो की निर्दोष असून नाश पावला असा कुणी आठवतो का. बिल्दद म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केले. एका दिवसात दहा मुले गमावलेल्या बापाला हे ऐकवले जात आहे. सोफर तर सांगतो की तुझ्या दोषाच्या मानाने देव तुला कमीच शिक्षा देत आहे.

ही माणसे दुष्ट नव्हती. ईयोब निर्दोष ठरला तर देवाच्या न्यायाला बाध येईल या भीतीने त्यांनी ईयोबाला दोषी ठरवले. तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना नेमके तेच विचारतो की देवाची बाजू राखण्यासाठी तुम्ही खोटे बोलणार काय? शेवटी, ४२ व्या अध्यायात, देव एलीफजाला सांगतो की माझा तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर कोप झाला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्याने देवाशी भांडण मांडले तो खरा ठरला आणि ज्यांनी देवाचे वकीलपत्र घेतले त्यांना क्षमेसाठी त्याच ईयोबाच्या प्रार्थनेवर अवलंबून राहावे लागले. सांत्वनभेटीला निघण्यापूर्वी मी हा भाग आजही वाचतो.

आणखी एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणे झाले हे वाचकाला पहिल्या अध्यायापासून ठाऊक असते, ईयोबाला मात्र ते अखेरपर्यंत कळत नाही. देव ३८ ते ४१ असे चार अध्याय त्याच्याशी बोलतो. त्यात पृथ्वीचा पाया आहे, हिम आहे, तारे आहेत, डोंगरातल्या रानशेळ्यांचे विणे आहे, पण त्याच्यावर हे का आले याचा उल्लेखसुद्धा नाही. ज्याला तो इतके दिवस हाका मारत होता तो आला आणि त्याच्याशी बोलला, एवढेच त्याला मिळाले, आणि तेवढ्याने तो निवला. देवाने स्वतः जिथे कारण सांगितले नाही तिथे ते सांगण्याचा अधिकार मला कुठून आला, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो.

आता तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न. ताई, तिचे शब्द नीट ऐका. ‘देवानं असं का केलं?’ याला माझ्यापाशी उत्तर नाही. ‘मी असं काय केलं होतं?’ याला मात्र ठाम उत्तर आहे आणि ते तिला अजून कुणीही दिलेले दिसत नाही. ‘काही नाही. तू काहीच केलं नव्हतंस.’ हे मी धीर देण्यापुरते म्हणत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी, तेव्हा येशूने दोन्ही शक्यता नाकारल्या आणि त्या माणसाला दृष्टी दिली. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दोन घटना आहेत. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना मारून त्यांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलींत मिसळले होते, आणि शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे चिरडली होती. एक माणसाच्या क्रौर्याची घटना, दुसरी अपघाताची. हे लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून दोन्ही वेळा येशूने ‘नाही’ म्हटले, आणि पश्चात्तापाची गोष्ट काढली ती जिवंत ऐकणाऱ्यांना उद्देशून. मेलेल्यांच्या खात्यावर त्याने काहीही मांडले नाही. तुमच्या मैत्रिणीला हे उत्तर एकदा देऊन भागणार नाही. ती पुन्हा पुन्हा विचारील आणि प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे तेच सांगावे लागेल.

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य तर मंडळीतून हद्दपार व्हावे असे माझे मत आहे. गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही; त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तोही निघाला नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने काहींना त्यांची मेलेली माणसे परत मिळाल्याचे लिहिले आहे, आणि लगेच त्याच वचनापासून विश्वासानेच हालहाल सोसलेल्यांची, दगडमार झालेल्यांची, तरवारीने मेलेल्यांची यादी सुरू होते. लेखकाने दोघांना एकाच विश्वासाच्या ओळीत बसवले आहे.

‘देवाची इच्छा’ या शब्दांबाबत मी जरा जपून बोलतो. देवाच्या नकळत एक चिमणीही जमिनीवर पडत नाही हे मी मानतो. पण एखादी गोष्ट देवाच्या नजरेबाहेर घडली नाही म्हणणे वेगळे आणि देवाला या मुलाचा आजार हवाच होता म्हणणे वेगळे. शुभवर्तमानांत येशू आजाऱ्यांना बरे करतो. तुझा आजार देवाची इच्छा आहे, तो तसाच राहू दे, असे सांगून त्याने कुणाला परत पाठवल्याचे आढळत नाही. म्हणून मी हे शब्द दुसऱ्याच्या दुःखावर वापरत नाही. मात्र एखादी आई स्वतःच म्हणाली की ‘देवाची इच्छा समजून मी टेकले आहे’, तर तिला मी दुरुस्त करायला जात नाही. तिचा आधार काढून घेण्याचा मला काही अधिकार नाही.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. भावांनीच खड्ड्यात टाकून विकलेल्या योसेफाने पुढे त्यांना म्हटले की तुम्ही माझे वाईट योजले होते, पण देवाने त्यातून भले घडवले. हे तो स्वतः म्हणाला, आणि अनेक वर्षांनी म्हणाला. खड्ड्यात टाकलेल्या योसेफाला वरून डोकावून त्याच्या भावांनी हेच वाक्य ऐकवले असते तर ते किती भयंकर वाटले असते याची कल्पना करा. ‘देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ असे लिहिणारा पौल फटके, तुरुंग आणि जहाज फुटणे सोसून लिहीत होता. दुःखाचा अर्थ ज्याचे दुःख त्यानेच लावायचा असतो, त्याच्या वेळेला. आपण तो आधीच लावून त्याच्या हातात दिला, की तेच वचन डागण्या देऊ लागते.

पहिल्या प्रश्नाला मी बगल देतो आहे असे मात्र समजू नका. ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि तो टाकाऊ नाही. देवाने माणसाला खरे स्वातंत्र्य दिले म्हणून क्रौर्यही शक्य झाले, असे एक उत्तर आहे. नियमांनी चालणाऱ्या सृष्टीत तेच पाणी जगवते आणि तेच बुडवते, असे दुसरे. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसच्या विचारात अपरिपक्व माणसाला पूर्णत्वाकडे वाढवत नेण्याची कल्पना आहे. ऑगस्टीनने वाईटाला स्वतंत्र अस्तित्व न मानता चांगल्याचा अभाव मानले. पौल सगळी सृष्टीच प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे सांगतो. यातले प्रत्येक उत्तर काहीतरी उलगडते. माणसाचे स्वातंत्र्य खुनाचा उलगडा करते, रक्ताच्या कर्करोगाचा करत नाही. आत्मिक वाढीची कल्पना साठीतल्या माणसाच्या आजारपणाला लागू पडेल, नऊ वर्षांच्या मुलाच्या मरणाला लावू गेलो तर ती क्रूर होते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालच्या लिस्बन शहरात लोक चर्चमध्ये उपासनेला जमले असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्राच्या लाटा आणि आग. हजारो माणसे मेली, कित्येक चर्चच्याच छपराखाली. हे जग शक्य तितके उत्तमच आहे असे मांडणारा जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझचा ग्रंथ त्याआधी १७१० मध्ये आला होता आणि सुशिक्षित युरोपात त्या विचाराचे मोठे वजन होते. त्या एका सकाळनंतर ते वजन पूर्वीसारखे राहिले नाही. हे सगळे शिकवणीच्या वर्गात मी आवडीने शिकवतो आणि विचार करणाऱ्या तरुणांना त्याची गरज असते. पण पुरून महिना न झालेल्या मुलाच्या आईसमोर मी त्यातले एक वाक्यही काढत नाही.

मग आपल्या विश्वासापाशी तिला देण्याजोगे काय आहे? क्रूस आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलेस?’ हे २२ व्या स्तोत्राचे पहिले वचन येशूने वधस्तंभावर उच्चारले. निष्पाप पुत्राच्या तोंडी जर ‘का’ शोभतो, तर तुमच्या मैत्रिणीच्या तोंडचा ‘का’ अविश्वासाचा कसा ठरेल? त्या क्षणी त्याला आकाशातून काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान झाले, आणि ते झाल्यावरही थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. माझा पुनरुत्थानावर मनापासून विश्वास आहे, ते मूल प्रभूपाशी आहे असे मी मानतो आणि दफनविधीत ते स्पष्ट उच्चारतो. पण पुनरुत्थानाने जखम घडलीच नव्हती असे होत नाही, हेही मी तितकेच मानतो. म्हणूनच ‘तो देवाघरी सुखात आहे, मग रडायचं कशाला’ हे वाक्य मला अर्धवट वाटते. हिटलरच्या तुरुंगात असलेला जर्मन पाळक डिट्रिख बोनहॉफर याने १९४३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी एका पत्रात लिहिले होते की प्रिय माणसाच्या नसण्याने पडलेली पोकळी देव भरून काढतो असे म्हणणे चूक आहे. देव ती रिकामीच ठेवतो, म्हणजे वेदनेतूनही त्या माणसाशी असलेले नाते जिवंत राहते. पुढे एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. त्याचा हा विचार मी अनेक आईबापांना सांगितला आहे. दुःख कमी होत नाही म्हणून आपला विश्वास कच्चा आहे, असे मानणाऱ्यांना त्याने मोठा दिलासा मिळतो.

कुणाशी काय बोलावे हे माणसावर अवलंबून असते, आणि याचे उत्तम उदाहरण बेथानीत सापडते. लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघीही येशूला एकच वाक्य ऐकवतात, ‘प्रभो, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ त्यात तक्रार आहे आणि ती रास्त आहे, कारण निरोप मिळूनही तो दोन दिवस थांबला होता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो, कारण ती बोलायला आणि ऐकायला तयार आहे. मरीया त्याच्या पाया पडून तेच शब्द म्हणते, तेव्हा तो शिकवण देत नाही. कबर कुठे आहे ते विचारतो आणि रडतो. थोड्याच वेळात लाजराला उठवायचे आहे हे ठाऊक असताना रडतो. तुमची मैत्रीण या घडीला मार्था आहे की मरीया, हे तिच्यापाशी बसल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि आज मार्था असलेली उद्या मरीया होऊ शकते.

म्हणून पहिले सांगणे हे की तुम्ही जा. जाताना भाषण तयार करू नका. ‘मला कळत नाही असं का झालं. मी येत राहीन’ एवढे पुरे आहे, आणि मग खरोखर येत राहा. मुलाचे नाव घ्या. नाव घेतले तर आईला त्रास होईल असे लोकांना वाटते. मला भेटलेल्या बहुतेक आईबापांना उलट भीती असते की आता त्याचे नाव कुणी घेणारच नाही. त्याला काय आवडायचे, तो कशावरून हट्ट करायचा, हे विचारा आणि ती सांगेल ते तिच्या गतीने ऐका.

एका घरी मी भेटीला गेलो होतो तेव्हा आई मुलाच्या शाळेच्या सदऱ्याला बटण लावत बसली होती. मुलगा दोन आठवड्यांपूर्वीच वारला होता. नातेवाईक तिला समजावत होते की ते राहू दे, आता त्याचा काय उपयोग, तुलाच त्रास होईल. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे सुईत दोरा जात नव्हता. मंडळीतल्या एक वयस्क विधवा बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या, त्यांनी सुई मागून घेतली, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून ओवले, गाठ मारली आणि सुई परत तिच्या हातात दिली. तिने बटण लावले, सदऱ्याची घडी घातली आणि मग त्या बाईंना मुलाविषयी सांगू लागली. त्या दिवशी मी वाचायला नेलेले वचन वाचले नाही. त्याची गरज उरली नव्हती.

हातांनी करायच्या कामाला कमी लेखू नका. संदेष्टा एलीया झाडाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणून निघून येऊ नका, कारण काय लागते याचा विचार करण्याचे त्राण तिच्यात नसते. धाकटे मूल असेल तर त्याला शाळेत सोडण्याचे काम अंगावर घ्या, रुग्णालयाची बिले आणि कागद लावून द्या, एका वेळचा स्वयंपाक करा.

प्रार्थना करण्यापूर्वी तिला विचारा आणि ती नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका. प्रार्थना छोटी असावी आणि तिच्या तोंडचे शब्द त्यात असावेत. ती रागावली असेल तर ‘प्रभू, आम्हाला तुझा राग आला आहे’ हेही तिच्या वतीने म्हणता येते. वचन वाचायचे तर घाईने विजयाचे वचन शोधू नका. १३ वे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असे विचारत सुरू होते. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते आपल्या पवित्र शास्त्रात जपून ठेवले गेले आहे. हे स्तोत्र ऐकून एका बापाने मला विचारले होते, ‘हे खरंच बायबलमध्ये आहे?’ आणि त्यानंतर तो प्रथमच मोकळेपणाने रडला.

‘दुसरं मूल होईल’ हे कुणालाही म्हणू देऊ नका. ईयोबाला शेवटी मेंढरे ७,००० ची १४,००० मिळाली, उंट ३,००० चे ६,०००. मुले मात्र पूर्वी होती तितकीच, सात मुलगे आणि तीन मुली. गुरांचे दुप्पट करता आले, लेकरांच्या बाबतीत ग्रंथाने तो हिशेब मांडलाच नाही. आणि त्याची स्थिती पालटल्याचे सांगून झाल्यावर पुढच्याच वचनात त्याचे भाऊ, बहिणी आणि ओळखीचे लोक येतात, त्याच्या घरी जेवतात, त्याच्यासाठी शोक करून त्याचे सांत्वन करतात आणि प्रत्येक जण त्याला काही द्रव्य आणि सोन्याची एक अंगठी देतो. सगळे परत मिळालेल्या माणसालाही सांत्वनाची गरज होती. तुमच्या मैत्रिणीला तर अजून काहीच मिळालेले नाही. दफनानंतरच्या आठवड्यात घर भरलेले असते, तिसऱ्या महिन्यात कुणी येत नाही. मुलाचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिला पुनरुत्थान दिन आणि वर्षाचा दिवस आजच लिहून ठेवा.

काही परिस्थिती वेगळ्या असतात, आणि वर लिहिलेले सरसकट लावले तर नुकसान होऊ शकते. ‘मी आधीच डॉक्टरांना दाखवलं असतं तर’ असे ती म्हणत असेल, तर ‘छे, तसं काही नाही’ म्हणून ते झटकू नका. सगळे ऐकून घ्या. मी अशा आईबापांना मनातले प्रश्न कागदावर लिहून काही आठवड्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा भेटायला सांगतो आणि हवे तर सोबत जातो. जे उत्तर पाळकाच्या तोंडून समजूत वाटते ते डॉक्टरांच्या तोंडून वस्तुस्थिती म्हणून मनात उतरते. कुणाच्या हातून खरोखरच चूक घडून जीव गेला असेल, तर ‘तू काहीच केलं नाहीस’ म्हणणे खोटे ठरते. तिथे पापकबुली आणि क्षमा यांचीच वाट आहे आणि ती पाळकाच्या सोबतीने चालावी. दुःख जर कुणाच्या मारहाणीचे किंवा अत्याचाराचे असेल, तर ‘आपला क्रूस वाहा’ असे सांगणे हा अन्याय आहे. येशूने क्रूस आपणहून उचलला होता; दुसऱ्याने उगारलेला हात कुणाचा क्रूस होत नाही. अशा बाईला आधी सुरक्षित जागी न्यावे, पोलिसांची मदत घ्यावी, बाकीचे नंतर. आणि तुमच्या मैत्रिणीचे खाणे-झोपणे कित्येक आठवडे पार तुटलेले दिसले, किंवा ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असे ती बोलू लागली, तर मरणाचा विचार मनात येतो का हे तिला सरळ विचारा, तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही.

उरला तिच्या उपासनेला येण्याचा प्रश्न. तिला समजावून आणू नका. आपल्या मुलाच्या वयाची मुले जिथे पुढच्या बाकांवर गात असतात, जिथे त्याचे दफनगीत गायले गेले, तिथे पाऊल टाकणे किती जड असेल याचा अंदाज आपल्याला बाहेरून येत नाही. गेथशेमानेत येशूने शिष्यांकडे सल्ला मागितला नाही, आपल्याबरोबर जागे राहा इतकेच मागितले. तेवढेच तुम्ही तिच्यासाठी करा. तुमच्या पाळकांना भेटून दोन गोष्टी सांगा. ‘विश्वास कमी पडला’ असे तिला कुणी म्हटले असेल तर त्यांनी त्या व्यक्तीशी स्वतः बोलावे, आणि तिची तयारी असेल तेव्हा प्रभुभोजन तिच्या घरी न्यावे. शब्बाथ शाळेतली तिची जागा कुणी तात्पुरती सांभाळत असेल तर ती तात्पुरतीच आहे हेही तिच्या कानावर घाला, म्हणजे परतीची वाट बंद झाली असे तिला वाटणार नाही. कधीतरी ती म्हणेल की चल, पण शेवटच्या बाकावर दाराजवळ बसू. त्या दिवशी तिच्याबरोबर दाराजवळच बसा, आणि उपासना अर्ध्यावर असताना ती उठली तर तुम्हीही उठा.